गोफणीचा हात

निरवांगीच्या युवराज शेंडगेला पकड शिकवली मेंढ्यांनी. ऐकायला थट्टा वाटते, पण अगदी खरं आहे. त्याचे वडील दत्तोबा, ज्यांना घरात आणि गावात सगळे आबा म्हणतात, तेव्हा शंभरेक मेंढरं राखून होते. कातरणीच्या दिवसांत कळपातली नेमकी मेंढी धरून आणायचं काम युवराजकडं असे. मेंढी काही हाक मारून येत नाही. खाली बसायचं, गर्दीत शिरायचं, तिनं उडी घेतली की मागचा पाय खुराच्या वर धरायचा, आणि एकदा धरला की मग ती फरफटत कुठंही नेवो, सोडायचा नाही. युवराजचे गुडघे बारा महिने सोललेले असत. आई वैतागून म्हणायची, "ह्याला विजार शिवू का गोणपाट?"

पुढं शाळेत कबड्डी आली आणि मास्तरांनी त्याला डाव्या कोपऱ्यात उभा केला. उभा कसला, तो बसायचाच. चढाईला आलेला गडी मोठ्या ऐटीत मांडीवर थाप मारून यायचा, आणि परत फिरायला गेला की त्याचा घोटा कुणीतरी जमिनीत पुरल्यासारखा जागेवरच राहायचा. इंदापूर, अकलूज, फलटण, जिथं जिथं स्पर्धा झाल्या तिथं तिथं या घोट्याच्या पकडीची चर्चा झाली. मग पुण्यातल्या एका कंपनीच्या संघानं नोकरी दिली, आणि सत्ताविसाव्या वर्षी टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये त्याचं नाव निघालं. आता यापेक्षा माणसाला काय पाहिजे? निरवांगीत समाजमंदिरात पडदा लावून सामने दाखवले गेले. आबा पहिल्या रांगेत पटका बांधून बसायचे. पोरगा पडद्यावर आला की हे आपले शेजाऱ्याच्या मांडीवर हात ठेवून गप्प.

पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी संघाला नवे प्रशिक्षक आले. मोठा माणूस, मोठं नाव. त्यांनी युवराजला बाजूला घेऊन सांगितलं, की ही बसून पकड करायची गावठी सवय सोड. आताची पोरं डोक्यावरून उडी मारून जातात. उभा राहा, मांडी धर. युवराज मुळातच ऐकणारा. मोठ्या माणसानं सांगितलं म्हटल्यावर यानं चार महिने रात्रंदिवस घोकलं आणि घोटा सोडला. मांडीची पकड काही त्याच्या अंगात बसली नाही, आणि घोट्याकडं जायला हात धजेना. अशा दोन मनांत असतानाच एका सामन्यात उजवा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, वर्ष गेलं, आणि तिसऱ्या वर्षी कुणाचा फोनसुद्धा आला नाही. तिशीच्या आत गडी घरी परत.

त्यानं कुणाला दोष दिला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "माझंच चुकलं. मला नीट शिकता आलं नाही." इतक्या साळसूदपणे म्हणायचा, की ऐकणाऱ्यालाही तेच खरं वाटे.

दोन-तीन वर्षं त्यानं ऊस बघितला, गावातली पोरं खेळवली. मग इंदापूर रस्त्यावरच्या एका कॉलेजात कंत्राटी क्रीडा शिक्षकाची जागा निघाली. युवराज शर्टाला इस्त्री करून मुलाखतीला गेला. प्राचार्य म्हणाले, "कबड्डीला आपल्याकडे माणूस आहे. तुम्ही लॅक्रॉस घ्या." युवराज म्हणाला, "घेतो सर." बाहेर येऊन त्यानं पहिल्यांदा मोबाईलवर बघितलं, की लॅक्रॉस म्हणजे काय.

खेळ तसा सोपा सांगता येतो. हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला जाळीची झोळी, झोळीत रबरी चेंडू. झोळीतूनच फेकायचा, झोळीतच झेलायचा आणि समोरच्या गोलात मारायचा. चेंडूला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी मैदानावर आलेल्या मुली दांड्यांकडं बघून विचारत होत्या, की सर, ह्यानं मासं धरायचं का? युवराज दांड्या घरी घेऊन गेला, तेव्हा आबांनी मात्र एक उचलली, झोळीत बोट घालून जाळीचा ताण बघितला आणि म्हणाले, "ही तर दांड्याची गोफण हाय की रं." उसवलेल्या जाळ्या तेव्हापासून आबाच विणून द्यायला लागले. गोफण विणायला बसलेला हात तो, त्याला काय अवघड होतं?

आता राजलक्ष्मी. शेळगावची पोर, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, उंच, हडकुळी, बोलायला कमी. शाळू हुरड्यात आला की ही लहानपणापासून रानातल्या माळ्यावर बसून पाखरं राखायची, गोफण हातात. तिला दांडी दिली आणि युवराजनं सांगितलं, "मार गोलात." तिनं दांडी पाठीमागं खाली सोडली, कंबरेतून वळली, आणि सगळं अंग फिरवून चेंडू सोडला. चेंडू सटकन गेला, तो गोलावरून, कुंपणावरून, रस्त्यावरून चाललेल्या उसाच्या ट्रॉलीत पडला आणि उसाबरोबर कारखान्याला गेला. मुली पोट धरून हसल्या. कुणीतरी हे मोबाईलवर घेतलंही होतं. युवराज हसला नाही. असा मार त्यानं परदेशी सामन्यांच्या व्हिडिओतसुद्धा पाहिला नव्हता.

पण दोन महिन्यांनी सरावाच्या सामन्यात तिची फिरलेली दांडी शेजारी खेळणाऱ्या उत्कर्षाच्या कानाला लागली. चार टाके पडले. पंचांनी शिट्टी मारली, उत्कर्षाच्या वडिलांनी कॉलेजात येऊन आवाज केला. त्या दिवशी त्यानं राजलक्ष्मीला सांगितलं, की गोफण बंद. कोपर वर, दांडी डोक्याजवळ, मनगटातून मार. चूक झाली की मैदानाला एक फेरी.

आणि फेऱ्या तरी किती माराव्यात त्या पोरीनं? बाकीच्या मुली पाणी प्यायला बसायच्या आणि ही आपली पळत असायची. तिला पोलीस व्हायचं होतं. राज्याच्या संघातून खेळलं की भरतीत खेळाडूंच्या जागेवर नाव लागतं, हे युवराजनंच तिला सांगितलेलं, आणि तिनं ते पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलेलं. सात-आठ महिन्यांनी तिचं कोपर एकदाचं वर राहायला लागलं. मार नीटस यायला लागला, कुणाला दांडी लागेना. युवराज खूश झाला. सगळ्या मुलींपुढं तिचं कौतुक केलं. मात्र तिचे गोल काही होईनात. चेंडू सरळ जायचा आणि गोलरक्षक मुलगी आरामात झेलायची. हळूहळू राजलक्ष्मी राखीव खेळाडूंत बसायला लागली. युवराजला वाटलं, पोर घरी नीट जेवत नसेल.

जानेवारीत पुण्याहून फोन आला. राज्याच्या निवड समितीवरच्या बाई होत्या. फिरत फिरत तो ट्रॉलीवाला व्हिडिओ त्यांच्याकडं गेला होता. बाई म्हणाल्या, "ती मुलगी घेऊन या. खालून असा येणारा मार आमच्याकडे एकीचाही नाही." युवराज म्हणाला, की मॅडम, दांडी शेजारणीला लागते. बाई सहज म्हणाल्या, "अहो, मग शेजारणीला दोन पावलं लांब उभं राहायला शिकवायचं. मार कशाला बदलायचा?" निवड चाचणी बारा दिवसांनी बारामतीत होती. युवराजनं आणतो म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि मैदानाच्या पायरीवर बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं राजलक्ष्मीला एकटीला बोलावलं. "तुझा तो पहिला मार मार बघू. गोफणीचा." तिनं दांडी मागं नेली, आणि कोपर आपोआप वर गेलं. परत मारला, परत तेच. दहा वेळा, वीस वेळा. मुद्दाम खाली नेली की चेंडू झोळीतून आधीच पडायचा. शेवटी ती थांबली आणि म्हणाली, "सर, कसा हुता त्यो? तुमी दाखवा की."

युवराजला कुठून दाखवता येणार? त्यानं मोबाईलवरचा व्हिडिओ लावला. ती स्वतःकडं बघत राहिली, एखाद्या परक्या मुलीकडं बघावं तसं. मग हळूच म्हणाली, "माझंच चुकलं सर. मला नीट शिकता आलं न्हाय."

हेच वाक्य तो स्वतः चार-पाच वर्षं लोकांना ऐकवत आला होता, आणि आज पहिल्यांदा त्याला कळलं, की ते किती खोटं आहे. पोरीनं काहीएक चुकवलं नव्हतं. सांगितलं तसं केलं होतं. त्याला एकदम रडायलाच आलं, पण विद्यार्थिनीपुढं सर कसा रडणार? तो म्हणाला, "तुझं न्हाय, माझं चुकलंय," आणि गाडीला किक मारून निघाला.

घरी आबा ओट्यावर जाळी विणत होते. युवराजनं सगळं सांगितलं. आबांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं आणि म्हणाले, "तुला बी आसंच केलं व्हतं की."

युवराज त्यांच्याशेजारी ओट्यावर बसला.

"टीव्हीवर दिसत व्हतं," आबा म्हणाले. "तू घोटा सोडलास तवाच म्या तुझ्या आईला बोल्लो, की गेलं आता ह्येचं."

"मग मला का न्हाय बोलला?"

"तू एवढ्या मोठ्या साहेबाचं आयकत व्हतास. मी मेंढरामागचा मानूस, मी काय बोलू?" आबांनी गाठ मारली, दातानं दोरी तोडली. "लई वाटलं, फोन करावा. न्हाय केला. त्येवढं चुकलं माझं." एवढं बोलून ते उठून आत गेले. बापानं चूक कबूल करायची म्हणजे त्या घरात मोठीच गोष्ट.

सकाळी बापलेक एकाच मोटारसायकलवर शेळगावला गेले. राजलक्ष्मीची आई विजयमाला शाळूच्या रानात होती. कणसं भरत आलेली, पाखरांचा नुसता धिंगाणा. युवराजनं तिच्यापुढं सरळ सांगून टाकलं, की ताई, तुमच्या पोरीचा हात चांगला होता, तो मी बिघडवलाय, आणि आता दहा दिवसांत परत आणायचाय. विजयमालानं आधी त्याच्याकडं, मग आबांकडं बघितलं. कॉलेजचा सर रानात येऊन असं बोलतो, हे तिला नवीन होतं. ती म्हणाली, "बसा तर खरं. च्या ठेवते."

युवराजच्या डोक्यात व्हिडिओ, कोन, पावलं असलं सगळं होतं. आबांनी ते ऐकूनच घेतलं नाही. "ती दांडी घरात ठिवा," ते म्हणाले. "पोरीला माळ्यावर बसवा. पाखरं राखू द्या." त्यांनी कमरेची गोफण सोडून राजलक्ष्मीच्या हातात दिली. चार दिवस तिनं दांडीला हात लावला नाही. सकाळ-संध्याकाळ माळ्यावर, आणि शाळूवरून दगड सूं सूं जायचे. गोफण काही हात विसरला नव्हता. पाचव्या दिवशी आबांनी गोफण काढून घेतली आणि दांडी दिली, आणि सांगितलं, "पाखरं हायेत आसं समज."

एकदा जमायचं, एकदा नाही. युवराज कॉलेज सुटलं की धावतपळत यायचा, बांधावर उभा राहायचा, तोंड मिटून बघायचा. आणि नेमकं तो आला की चेंडू पडायचे. सहाव्या दिवशी विजयमालानं त्याला बाजूला बोलावलं. पदराशी चाळा करत म्हणाली, "सर, राग मानू नगा. तुमी नसला की ती ब्येस मारती. तुमची गाडी वाजली की तिचं कोपर वर जातंय."

राग कसला येणार? पण लागलं. असं लागलं, की गुडघा फिरला तेव्हाही इतकं लागलं नसेल. ज्या पोरीवर इतका जीव, तिला आपली नजरच नडते, हे माणसानं ऐकायचं कसं? तो "बरं" म्हणाला आणि त्या दिवसापासून शेळगावला गेला नाही. आबा एकटे एसटीनं जायचे, तिन्हीसांजेला परत यायचे. युवराज विचारायचा, "जमतंय का?" आबा पाय धूत म्हणायचे, "तुला काय करायचंय? जेव."

चाचणीच्या दिवशी बारामतीच्या मैदानावर सकाळी साडेसातला साठेक मुली जमल्या. कोल्हापूर, नागपूर, मुंबई, कुठून कुठून आलेल्या, अंगात एकसारखे कपडे, पायात भारी बूट. राजलक्ष्मी आईच्या स्वेटरमध्ये. आबा झाडाखाली जाऊन बसले. प्रत्येकीला वीस पावलांवरून पाच मार मिळणार होते, आणि प्रत्येकीच्या प्रशिक्षकानं बाजूच्या रेषेवर उभं राहायचं होतं. नियमच तसा होता.

राजलक्ष्मीचं नाव पुकारलं. पुण्याच्या बाई कागदावरून मान वर करून बघू लागल्या, दोन-तीन जणांना खुणावलंही त्यांनी, की हीच ती. राजलक्ष्मीनं दांडी उचलली आणि रेषेकडं बघितलं. तिथं युवराज. कोपर वर गेलं. चेंडू नीट, सरळ, गोलरक्षक मुलीच्या झोळीत. दुसरा मार, तसाच. बाईंच्या चेहऱ्यावरचा उत्साह उतरला. त्यांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं, त्यानं खांदे उडवले.

युवराजला कळत होतं, की आणखी तीन चेंडू, आणि मग ही पोर आयुष्यभर सांगत फिरेल, की मला नीट शिकता आलं नाही. तो दोन पावलं पुढं गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मॅडम, हिचा मार असा नाही. तिचा खरा मार मी बिघडवला. आठ महिने फेऱ्या मारायला लावून बिघडवला. तिला माझी सवय झालीय. नियम असेल तर मी रेषेवरच उभा राहतो, पण तिच्याकडं बघत नाही."

आणि तो वळला. साठ मुली, तीसेक प्रशिक्षक, सगळ्यांच्या देखत मैदानाकडं पाठ करून उभा राहिला. कुणीतरी फिसकन हसलं. एक जण म्हणाला, हा कोण येडा? युवराजनं हात पाठीमागं बांधले. समोर कुंपणाची भिंत होती, तिच्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात रंगवली होती. ती तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत राहिला.

तिसरा मार. लोखंडी खांबावर खणकन आवाज आला. चुकला होता, पण तो आवाज कोपर वर ठेवून मारलेल्या चेंडूचा नव्हता. युवराजला वळावंसं वाटलं, इतकं वाटलं, की त्यानं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं.

चौथा. काही क्षण काहीच नाही, मग जाळीचा सपकन आवाज, आणि मागं कुणीतरी "आयला" म्हणालं.

पाचव्याला सगळं मैदान गप्प झालं होतं. दांडी हवेतून फिरल्याचं त्याला ऐकू आलं, शाळूवरून दगड जातो तसं. मग जाळी, आणि लगेच टाळ्या. टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. युवराजला समोरची जाहिरात दिसेनाशी झाली, डोळे भरून वाहत होते आणि पुसायला हात सोडवेना.

बाई मैदानात चालत आल्या, कागद-पेन घेऊन. त्यांनी राजलक्ष्मीला नाव विचारलं, गाव विचारलं, लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि तुझे प्रशिक्षक कोण?"

राजलक्ष्मीला धाप लागली होती. तिनं दांडी खाली टेकवली आणि बोट दाखवलं.

"ते तिकडं पाठ करून उभं हायेत न्हवं," ती म्हणाली, "ते आमचं सर."